मी शोधलाच नाही तो मेल

औरंगपुऱ्यात कपड्यांच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. रुग्णांचे रिपोर्ट त्यातूनच छापून निघत. अजिंठ्याकडची एक मुलगी माझ्याकडं चार वर्षं होती. कॉलेजातून थेट आलेली, कमी बोलणारी. तिच्याइतकं नीट काम माझ्याकडं दुसऱ्या कुणी केलं नाही.

पुढं तिनं नोकरी सोडली आणि गारखेड्यात याच कामाचं स्वतःचं ऑफिस थाटलं. वर्षाच्या आत माझ्या पाच लॅब तिच्याकडं गेल्या. तिचं सॉफ्टवेअर वापरायला सोपं होतं, आणि अडचण आली की ती स्कूटीवरून स्वतः जायची. हे मला दिसत होतं, पण मान्य करवत नव्हतं.

एकदा एका लॅबमध्ये तिच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला रिपोर्ट माझ्या हाती आला. रुग्ण तान्हं बाळ होतं, आणि त्याचं वय एक दिवसानं जास्त छापलेलं. आमच्या रिपोर्टमध्येही लहान बाळांच्या बाबतीत नेमकी हीच चूक व्हायची. मला तेवढंच पुरेसं होतं. तिला बोलावून घेतलं आणि बसायलाही न सांगता म्हणालो, "तू माझा कोड चोरलास."

"नाय सर. वय काढायचा तेवढा भाग मी कॉलेजात लिहिलेला. तोच तुमच्याकडं वापरला, तोच आता माझ्याकडं."

मी पुरावा मागितला. कॉलेजातला लॅपटॉप कधीच बंद पडला, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "नोकरीच्या अर्जासोबत तो प्रोजेक्ट तुम्हालाच पाठवला होता. तुमच्या मेलमध्ये असंल. बघा की."

बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो मेल सापडू नये, असंच मला वाटत होतं.

पोलिसांकडं गेलो नाही. तिथं पुरावा लागला असता. त्याऐवजी एकेका लॅबमध्ये जाऊन चहा घेतला आणि सांगितलं, की ते सॉफ्टवेअर चोरीचं आहे, उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तुमचंही नाव येईल. महिनाभरात पाचही जण परत आले. काही दिवसांनी तिचं ऑफिस बंद झाल्याचं कळलं. त्या दिवशी मी स्टाफसाठी नान-खलिया मागवला होता.

दोन वर्षांनी मेलबॉक्स भरला म्हणून जुने मेल काढून टाकत बसलो, तेव्हा तिचा अर्ज सापडला. सोबत प्रोजेक्ट. त्यात वय काढायचा तोच भाग, तीच चूक. खाली माझं उत्तरही होतं: काम आवडलं, सोमवारी या.

मी फोन केला. ती आता गावाकडच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"तुम्ही तेव्हाच बघायला पाहिजे होतं, सर," ती म्हणाली. परत सुरू कर, मी पाचही लॅबना खरं सांगतो, असं मी म्हटलं, तर तासाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

तरी मी पाचही लॅबमध्ये गेलो. बहुतेकांना ते प्रकरण नीट आठवतही नव्हतं. फक्त तिच्याकडं सगळ्यात आधी गेलेले डॉक्टर काही विसरले नव्हते. म्हणाले, "मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण म्हटलं, तुमच्यासारखा माणूस खोटं कशाला बोलेल."