दहा आकड्यांचा कॅमेरा

बोलता बोलता ते मांडीवर बोटं आपटत मोजायचे. एन, दे, त्रुआ, कात. समोरचा माणूस आपल्या सासूचं दुखणं सांगत असला तरी यांची मोजणी चालूच. आणि दहाला, म्हणजे क्रिओलमधल्या 'दीस'ला पोचले, की उठून उभे. चहा अर्धा, गोष्ट अर्धी. तुमच्याही शेजारात असा एक माणूस असेलच, आणि त्याच्यामागे कपबशी घेऊन धावणारं कोणीतरीही असेल. आमच्या बेटावरच्या लॉंग माउंटन गावात ते काम माझी आई करायची.

आम्ही त्यांना काका म्हणायचो, बाकीची पोरं तोंतों. मलेरियाच्या सरकारी खात्यात ते फवारणीला होते. पाठीवर औषधाचा डबा घेऊन घरोघर फिरायचे, मागची खोलीसुद्धा सोडायचे नाहीत. तिथेच त्यांना मी सापडले. बारा वर्षांची, पोलिओने डावा पाय गेलेली, खिडकीशी बसवून ठेवलेली. भिंतीवर औषध मारता मारता त्यांनी विचारलं, दिवसभर काय बघतेस? ऊस, मी म्हटलं. ते खूप हसले. मला राग आला. माझ्या खिडकीतून दुसरं काय दिसणार होतं?

रविवारी दुपारी ते बैठकेत, म्हणजे आमच्या समाजाच्या हॉलात, खिडक्यांना गोणपाट लावून खात्याच्या छोट्या फिल्मा दाखवायचे. सगळ्या डासांच्या. पोरं कंटाळून मारामाऱ्या करायची, पण सगळ्यात आधी कंटाळले ते स्वतः काकाच. मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी चावीचा कॅमेरा मिळवला आणि सांगून टाकलं, आता फिल्म गावची पोरं काढतील. एक रीळ, चोवीस पोरं, प्रत्येकाला दहा आकडे; दीस होईपर्यंत कळ दाबायची, मग कॅमेरा परत.

कुठली पोरं? आमची मराठी, भोजपुरी बोलणारी, तमिळ, मुसलमान, क्रिओल, चिनी दुकानदाराची मुलगी. हो, मुलीसुद्धा. बैठकेचे प्रधान, नात्याने माझे चुलत आजोबा, भडकलेच. बैठक आपली नि पोरं सगळ्या जगाची, असं कसं?

"दहापर्यंत मोजायला जात लागत नाय, आजा," काका म्हणाले. बोटं चालूच होती.

यादीत माझं नाव शेवटचं. त्या महिन्यात मला धड झोप नव्हती. मला एकच हवं होतं, मी बघितलेलं एकदा तरी दुसऱ्या कोणीतरी बघावं. बाबा नको म्हणाले; लोक पोरीच्या पायाकडे बघतील. मग काका रोज संध्याकाळी येऊन आमच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. आईचा चहा निवायचा, बाबा मान फिरवून बसायचे. शेवटी, त्या येरझाऱ्यांना वैतागूनच बहुधा, बाबांनी मला खुर्चीसकट उचलून बैठकेच्या अंगणात नेलं.

तोवर तेवीस पोरं होऊन गेली होती आणि रिळात दहाच आकडे उरले होते. प्रधान आजोबा फेटा बांधून बैठकेच्या पाटीखाली उभे. माझी नि पाटीची फिल्म घे, काकांना म्हणाले, हॉल कोण देतो ते विसरू नको. पोरगी बसल्या जागी काय काढणार? बाबा मला परत उचलायला वाकले. मी खुर्ची घट्ट धरली. मला रडू येत होतं आणि सगळ्यांना ते दिसत होतं.

काकांची बोटं थांबली. ती थांबलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

"बसूनही दहाच होतात," ते म्हणाले, आणि चावी देऊन कॅमेरा माझ्या हातात ठेवला.

ऊस काढायचं मी घरून ठरवून आले होते. पण डोळा लावला तर समोर काकाच, मोजायला अधीर झालेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी कळ दाबली.

रीळ धुवायला जहाजाने विलायतेला गेलं. आपली फिल्म निघाली नाही म्हणून प्रधानांनी हॉलाला कुलूप ठोकलं. आणि रीळ परत यायच्या आत काकाच गेले. खात्याने फवारणीची माणसं कमी केली, आणि हे ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढले. कॅमेरा दुकानदाराच्या मुलीकडे ठेवून गेले, पुढच्या रिळासाठी केलेल्या नव्या यादीत पहिलं नाव तिचं होतं म्हणून. मला साधा निरोपही नाही. दोन दिवस मी जेवले नाही, आणि खरं सांगते, तो राग अजून गेलेला नाही.

चार महिन्यांनी रीळ आलं. किल्ली घेऊन प्रधान आजोबा स्वतःच हजर. त्यांच्या नातवाने काय काढलंय ते त्यांना बघायचं होतं. शाळेच्या मास्तरांचा प्रोजेक्टर, पडद्याला आईची चादर. पोरं प्रत्येकाचे आकडे मोठ्याने मोजत होती. शेळी. बस. कोणाची तरी आजी. नुसतं आभाळ. मग माझं आलं.

एन म्हटलं तेव्हा काका चादरीवर उभे होते. त्रुआला त्यांनी पाय उचलला, आणि कातला ते चालत चादरीबाहेर गेले. मला काही त्यांच्यामागे वळता आलं नव्हतं. पुढे नुसती बैठकेची भिंत आणि तिच्यावरचं ऊन.

पोरं थांबली नाहीत. सेंक, सीस, सेत, वीत, नेफ. दीस सगळ्यांनी मिळून म्हटलं, प्रधान आजोबांनीसुद्धा. आणि त्या अंधारात माझे दोन्ही रिकामे हात पुढे झाले होते, कॅमेरा परत द्यायला.