आठ नंबरच्या पुड्या

अंधेरीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात सहदेव मेस्त्री एकोणीस वर्षं कंपाउंडर होता, आणि आपल्या पुडीतून औषधाचा कणसुद्धा सांडत नाही ही गोष्ट तो कुणी न विचारता सांगत असे. मालवणकडून विशीत आला, एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली खल घोटायला शिकला, आणि हात बसला तो बसलाच. पितळी तराजूवर पावडर जोखताना तो श्वास रोखून धरायचा. भांडुपच्या चाळीत लोक त्याला अर्धा डॉक्टर समजत, आणि त्यानेही हा गैरसमज दूर करण्याची घाई कधी केली नव्हती.

चौऱ्याऐंशी साली दवाखान्यात लहान मुलांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. काही मुलांचं अंग ठरत नाही, लक्ष ठरत नाही, ती मस्ती नसते आणि वाईट वळणही नसतं, असं त्यांचं म्हणणं. परदेशात अशा मुलांना एक औषध देतात. ते आपल्याकडच्या मुलांना किती लागू पडतं हे त्यांना शोधून काढायचं होतं. चोवीस मुलं निवडली. प्रत्येकाला चार आठवडे खरं औषध आणि चार आठवडे नुसती दुधाची साखर. कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. प्रत्येक पाळीच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी फॉर्म भरायचा. कोणत्या पुडीत काय आहे हे आईला कळता कामा नये, शाळेला नाही, खुद्द डॉक्टरीणबाईंनाही नाही.

"हे फक्त तुम्हाला माहीत असेल, सहदेव," त्या म्हणाल्या. "यादी तुमच्याच कपाटात राहील."

सहदेवची छाती दोन इंच फुगली. गोळ्या बाहेरून मोजून आल्या होत्या, त्यांत एकही जास्तीची नव्हती. त्या कुटून, साखरेत मिसळून त्याने पुड्या बांधल्या. खरी पुडी आणि खोटी पुडी शेजारी ठेवली तर ब्रह्मदेवालाही ओळखता आली नसती.

सात नंबर होता लवू. सहदेवच्याच चाळीतल्या, त्याच्याच गावच्या दादूचा मुलगा. गिरणीचा संप झाल्यापासून दादू मिळेल ते काम करत होता, आणि लवू दिसेल ते मोडत होता. त्याचं नाव दवाखान्यात सहदेवनेच घातलं होतं. आठ नंबर होती रतन, मढच्या मथुरा कोळणीची आठ वर्षांची मुलगी. लवूची खरी पाळी आधी आली, रतनची नंतर.

पहिल्या चार आठवड्यांत लवू असा बदलला की शाळेतल्या बाईंनी कुंदाला, म्हणजे त्याच्या आईला, बोलावून कौतुक केलं. मग पाळी बदलली, आणि आठवड्याच्या आत लवूने वर्गातल्या एका मुलाचं डोकं फोडलं. आता वार्षिक परीक्षेला याला बसवणार नाही, असं शाळेने कळवलं.

त्या शनिवारी सकाळी मथुरा पुड्या न्यायला आली होती. मच्छी विकणाऱ्या बायका देवालाही 'तू' म्हणतात, कंपाउंडरची काय कथा. तिने कमरेला खोचलेली वही काढून सहदेवसमोर धरली. रतनने पान भरून लिहिलं होतं, ओळी सरळ, एकही अक्षर सोडलेलं नाही. मथुराला वाचता येत नव्हतं, पण पान भरलेलं आहे एवढं तिला दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी हा रोग आहे असं सांगितल्यापासून आपण पोरीवर हात टाकलेला नाही, असंही तिने सांगितलं. आधी फार मारायची. सहदेवने मान हलवली आणि त्याला बरं वाटलं, कारण ती पुडी खरी होती आणि त्याच्या हातची होती.

त्याच संध्याकाळी कुंदा सहदेवच्या दारात उभी राहिली. दादू मागे खाली मान घालून. तिने आकांत केला नाही, फक्त विचारलं, "पुडी तुमच्याच हातची मां, भावजी? मगे माझ्या झिलाक खरी देवक काय झाला?"

आता इथे सहदेवने 'मला काही ठाऊक नाही' म्हणायला हवं होतं. पण अर्ध्या डॉक्टरला 'माझ्या हातात काही नाही' म्हणणं जड जातं, आणि गाववाल्याला तर फारच. दादूच्या बापाने त्याला मुंबईत पहिल्या दिवशी जेवू घातलं होतं. तो म्हणाला, "बघतंय."

गोळ्या मोजून आलेल्या. एकाला द्यायची तर दुसऱ्याची काढायला हवी. सोमवारी त्याने उरलेल्या दोन आठवड्यांच्या पुड्यांवरचे नंबर बदलले, सातचा आठ आणि आठचा सात. दोन मिनिटांचं काम. हात थरथरला नाही, याची त्याला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. आणि त्या दोन मिनिटांत त्याच्या मनात काय आलं होतं, तेही सांगून टाकलं पाहिजे, कारण ते त्याने पुढे स्वतःपासून लपवलं नाही: मच्छीवालीची पोर, आज ना उद्या डोक्यावर पाटी घेणारच, तिला पान भरून लिहून काय करायचंय.

आणखी दोन शनिवारांनी मथुरा वही न घेता आली. पोर पुन्हा पहिल्यासारखी झाली, म्हणाली. मधे सुधारली वाटली, तो माझा भासच असेल, असंही म्हणाली. सहदेवने पुड्या दिल्या. जाता जाता तिने सुक्या बोंबलांची जुडी त्याच्या टेबलावर ठेवली. घरी नेऊन त्याने ती बायकोला दिली आणि पोट बिघडलंय असं सांगून स्वतः पेज प्याला.

पाळ्या संपल्या. डॉक्टरीणबाईंनी यादी मागवली, फॉर्म शेजारी ठेवले आणि एकेक नंबर पाहू लागल्या. सातशी थांबल्या. खऱ्या औषधावर सुधारला, साखरेवरही तितकाच सुधारला. मग या मुलाला औषधाची गरजच नाही. आठ: औषधावरही फरक नाही, साखरेवरही नाही, हिला हे औषध लागूच पडत नाही. सहदेव समोर उभा होता. एका मुलाचं भलं करायला गेला आणि कागदावर दोघांचंही औषध बंद करून बसला. हे त्याला तिथल्या तिथे, लख्ख कळलं. तरी तो बोलला नाही.

दोन्ही आयांना बोलावून तसं सांगितलं गेलं. कुंदाने सहदेवकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तिलाही तोंड उघडता येत नव्हतं. मथुराने मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे रोग नाय. खोड हाय." डॉक्टरीणबाई तसं नाही, तसं नाही, म्हणत समजावू लागल्या, पण तोवर तिने पाटी उचलली होती.

महिना गेला. लवूचं शाळेतून नाव कमी झालं. कुंदा नळावर सहदेवच्या बायकोशी बोलेनाशी झाली. सहदेव पुड्या बांधत राहिला आणि एकदा त्याच्या पुडीतून पावडर सांडली.

मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. डॉक्टरांच्या सभेत वाचायचा निबंध टाइप होऊन आला होता. शेवटच्या पानावर त्याचं नाव होतं. त्यांनी इंग्रजीतलं ते वाक्य त्याला मराठीत करून सांगितलं: कंपाउंडर सहदेव मेस्त्री यांच्या काटेकोर प्रामाणिकपणाशिवाय हा अभ्यास झाला नसता. कुणी थोबाडीत मारली असती तर तो सहन करून गेला असता. हे त्याला सहन झालं नाही. उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. पाटीचा विचारही सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी कागद सरळ केले. दोन मुलं वगळता येतील, त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे पाहून: "पण उरलेल्या बावीस मुलांच्या पुड्यांवर मी आता विश्वास कसा ठेवू?"

बावीस मुलांच्या पुड्या त्याने चोख बांधल्या होत्या. पण ते सांगायचा हक्क त्याच्याकडे राहिला नव्हता. त्यांनी निबंध खणात टाकला. दोन्ही मुलांचं औषध शनिवारपासून सुरू करू, अभ्यास राहू दे, म्हणाल्या. तुमचं काय करायचं ते मागाहून ठरेल. मढला मात्र आजच्या आज जा आणि स्वतः सांगा.

वर्सोव्याहून तरीतून तो पलीकडे उतरला. मथुरा अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगत होती. तिने त्याला बसायला पाट दिला. तो बसला नाही. त्याने सगळं तिथेच सांगून टाकलं: नंबर, गाववाला, दोन आठवडे. तुझी पोर औषधाने बरी होत होती, ते मी काढून घेतलं.

मथुराने हातातला बोंबील खाली ठेवला. तो शिव्यांची वाट पाहत होता. कोळणीच्या शिव्यांनी त्याला जरा हलकं वाटलं असतं. तिने शिव्या दिल्या नाहीत.

"रोग नाय, असं ऐकलं तवापासून मी हिला रोज मारतंय," ती म्हणाली. "खोड समजून. महिना झाला."

तिने घराकडे तोंड करून रतनला हाक मारली.

"आता तिला तूच सांग," मथुरा म्हणाली. "मना नाय सांगवणार."

रतन बाहेर आली. सहदेव उकिडवा बसला, तिच्या उंचीला आला. तुझी काही चूक नव्हती बाय, तो म्हणाला, चूक माझी होती. तू मार खाल्लास तो माझ्यामुळे. शनिवारी आईबरोबर ये. तो आणखीही काहीतरी म्हणाला, पण ते त्याला नंतर आठवेना. पोरीने त्यातलं किती ऐकलं देव जाणे. तिने एक कोपर कपाळापर्यंत उचलून धरलं होतं, आणि ती सहदेवकडे पाहतच नव्हती. ती आईच्या हाताकडे पाहत होती.