आजची तारीख विचारणारे रशीदभाई

रशीदभाई मुजावर भोसरीच्या आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आले, ते मी फोनवर सांगितलेल्या "अर्ध्या तासाच्या" कामासाठी. मोजमापाच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून आम्ही सगळे चपला बाहेर काढतो. त्यांनी न सांगता काढल्या, रुमालाने हात पुसले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिले, मग मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि अगदी शांतपणे मला विचारले, "ताई, आज तारीख काय आहे?"

दोन वर्षे कारखान्यात कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट या गृहस्थांनी चहा यायच्या आत पाहिली होती.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पुष्कळ जण पुष्कळ काही लिहितील. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत किती कारखान्यांचे कॉम्प्युटर त्यांनी जगवले, हे बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही. मी मात्र त्यांच्या एकाच कामाविषयी लिहिणार आहे. त्या कामात माझी नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागल्या होत्या, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

मी या कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहते. आमच्याकडे मोजमापाचे एक यंत्र आहे. त्याच्या सळईच्या टोकाला माणकाचा बारीक मणी असतो. तो मणी तयार भागाला ठिकठिकाणी टेकतो आणि शेजारचा कॉम्प्युटर मापे लिहून घेतो. एकदा त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. काम अडू नये म्हणून नव्या डिस्कवर मी ऑपरेटिंग सिस्टीमची ट्रायल टाकली. काही महिने ती चालते, मुदत संपायच्या आत फुल व्हर्जन घ्यायचे, इतके ते साधे होते. माल पाठवायच्या गडबडीत ते राहून गेले. मुदत संपल्यावर कॉम्प्युटर तासातासाने आपोआप बंद पडू लागला, तेव्हा कोणीतरी सुचवले की तारीख मागे न्या. मी नेली, आणि तो गप्प बसला. पुढे मुदत जवळ आली की मी पुन्हा मागे न्यायची. अशी दोन वर्षे आमच्या त्या खोलीत होळी ते गणपती एवढेच दिवस फिरून फिरून येत राहिले. दसरा-दिवाळी त्या कॉम्प्युटरने पाहिलीच नाही.

ग्राहकाला जाणाऱ्या कागदावर खरी तारीख मी हाताने टाइप करायची. मापेही खरीच होती. पण मूळ फाइलीच्या आत कॉम्प्युटरची खोटी तारीख बसलेली असे. कोणी फाइल उघडली, तर त्याला वाटावे की ही मापे घेतलीच नाहीत, जुनाच माल नव्या कागदावर चढवला आहे. त्यात आता तारखेची युक्तीही चालेनाशी झाली होती. आणि चाकणच्या आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीचा निरोप होता की त्यांचे तपासनीस पुढच्या आठवड्यात येतील आणि मूळ फाइली पाहतील.

हे सगळे मी रशीदभाईंना एका दमात सांगितले. शेवटी मी म्हणाले, "ट्रायलचं फुल करून द्या, आणि जमलं तर फाइलींच्या तारखाही सरळ करून टाका. येतं ना तुम्हाला?"

"येतं की," ते म्हणाले. "म्हणूनच करणार नाही."

मला राग आला. बोलावलेल्या माणसाने काम सोडून मला शिकवावे, हे तेव्हा झोंबले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि खुर्ची थोडी जवळ ओढली. "फुल व्हर्जन चढलं की घड्याळ खरं होणार, ताई. मग ह्या फाइली उघड्या पडणार. मी चढवतो. पण आधी मालकाला सांगा. तुम्ही बोला, मी बाजूला उभा राहतो."

आमचे मालक म्हणजे तात्या, जुन्या भोसरी गावातले. मशीनचा आवाज बदलला तरी ते हातातला घास खाली ठेवतात. त्यांच्यासमोर मी काय बोलले, ते मला आठवत नाही. त्यांचे बोलणे आठवते.

"दोन वर्सं? आन् मला ठावच न्हाई?" ते म्हणाले. "चाकणवाल्यानं काम काढून घेतलं तर ही एवढी मान्सं मी कुटं घालू?"

रशीदभाई एक पाऊल पुढे आले. "मालक, ताईंनी तारीख फिरवली, मापं नाही फिरवली. मी फाइलीत बघितलंय. खरी तारीख शोधता येते. माल गेला त्या दिवशीची चलनाची वही असेल ना तुमच्याकडं?"

"हायेत की. समद्या पोटमाळ्यावर पडल्यात."

"मग झालं. एकेक फाइल, एकेक चलन."

पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीच बदलले नाही. शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात आपल्या वहीत काय काय आहे ते लिहीत बसले. कोणती वायर कुठे जाते हे लिहिले, शिवाय प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. सगळ्या फाइलींची प्रत काढली. मग रहाटणीच्या आपल्या घरून जुना कॉम्प्युटर स्कूटरवर पायाशी ठेवून आणला, ती प्रत त्यावर घातली आणि मला म्हणाले, "आता एकेक उघडून बघा."

"कॉपी झालेली दिसतेय ना," मी म्हणाले.

"दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं, ताई."

मी सगळ्या उघडल्या. दोन उघडल्या नाहीत. त्या त्यांनी पुन्हा आणल्या. त्या क्षणापासून मी त्यांच्याशी वाद घालणे सोडले, ते आजतागायत.

दुसरा कोणी असता तर त्याने डिस्क साफ पुसून नवी सिस्टीम टाकली असती, आणि प्रत्येक भाग कसा मोजायचा याची आम्ही या दोन वर्षांत बसवलेली मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती. रशीदभाईंनी ट्रायल जागच्या जागी फुल करायचे ठरवले होते. त्यात काही पुसले जात नाही, पण मधेच बिघडले तर मागे फिरता येत नाही. एवढी तयारी त्यासाठीच होती. तात्यांनी कारखान्याच्या नावाने रीतसर लायसन्स घेतले. सुरुवात करण्याआधी रशीदभाईंनी मला एक पोलादी कडी मोजायला लावली. तिचे माप पक्के ठाऊक असते, यंत्र बरोबर आहे का हे तिच्यावर पाहतात. आलेला आकडा त्यांनी वहीत लिहिला आणि खाली माझी सही घेतली.

मग त्यांनी लायसन्सची लांबलचक अक्षरे एकेक करून वाचली, मी टाइप केली, आणि ती मला उलट वाचायला लावली. स्क्रीनवर टक्के चढू लागले. दहावर येऊन थांबले. किती तरी वेळ ते दहाच राहिले. तात्या दारात उभे होते. त्यांना राहवेना.

"बंद करून चालू करू का, राव?"

"हात लावू नका, मालक. ते काम करायलंय."

"तुमाला कसं कळतं?"

रशीदभाईंनी डिस्कच्या लुकलुकत्या दिव्याकडे बोट दाखवले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. ते जराही हलले नाहीत. अखेर आकडा दहावरून एकदम शंभरावर गेला. कॉम्प्युटर दोनदा बंद होऊन सुरू झाला. कोपऱ्यातली मुदत संपल्याची सूचना गेली. रशीदभाईंनी कॅलेंडरकडे पाहून खरी तारीख घातली आणि मला म्हणाले, "कडी मोजा."

मणी कडीला टेकत गेला. आकडा आला. वहीतल्या आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. आमच्या सगळ्या मांडण्या जशाच्या तशा होत्या. यंत्रांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरी त्या क्षणी मी थक्क झाले हे कबूल करते. काम झाले याचे आश्चर्य होतेच. त्याहून मोठे आश्चर्य हे होते की एखादा माणूस दुसऱ्याच्या कामाला इतका जपतो.

त्यांचे काम तिथे संपले होते. तरी रविवारी ते आले. पोटमाळ्यावरच्या वह्या खाली उतरवून ते, मी आणि तात्या सतरंजीवर बसलो. एक फाइल, एक चलन, एक खरी तारीख. मी त्यांना दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा ते "नंतर घेतो" म्हणाले. दुपारी आम्ही त्यांच्यासमोर डबा खाल्ला, तेव्हा ते वह्या चाळत होते. सूर्य मावळायला आला तेव्हा त्यांनी किती वाजले हे विचारले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की रमजान चालू आहे. मला फार ओशाळल्यासारखे झाले. तात्या उठले, मोटारसायकलवर जाऊन खजूर घेऊन आले आणि त्यांनी तो आधी रशीदभाईंपुढे ठेवला. त्यानंतर आम्ही उरलेल्या दोन वह्या संपवल्या.

तपासनीस आले, तेव्हा त्यांनी काही मागायच्या आत तात्यांनी ती यादी टेबलावर ठेवली. कोणती फाइल, आतली खोटी तारीख, खरी तारीख, चलन. ते गृहस्थ बराच वेळ पाने उलटत होते.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर?" त्यांनी विचारले.

"तर तुमी पकडलं असतं, सायेब."

"कदाचित नसतं पकडलं," ते म्हणाले.

त्यांनी आपल्याकडे नमुना म्हणून ठेवलेले जुने भाग चाकणहून मागवले आणि स्वतःसमोर मला पुन्हा मोजायला लावले. मापे जुळली. काम आमच्याकडेच राहिले, एका अटीवर: रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख कॅलेंडरशी ताडून रजिस्टरमध्ये लिहायची आणि सही करायची. मी राजीनामा लिहून आणला होता. तात्यांनी तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "उद्यापास्नं पयली सही तुजी."

रशीदभाईंच्या स्वभावाला हट्टीपणाची धार आहे, हे गौरवग्रंथातही लपवू नये. ते स्कूटर चालवताना फोन घेत नाहीत, मग कोणाचा कारखाना बंद पडलेला का असेना. जुनी वायर फेकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. आणि तारखेच्या बाबतीत ते स्वतःलाही सोडत नाहीत. साठीचा सत्कार एक जूनला करायचे आम्ही ठरवले, तेव्हा त्यांनी मोडता घातला. "ती तारीख गुरुजींनी टाकलेली आहे," ते म्हणाले. "आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. माय सांगायची, ज्वारीची काढणी चालू होती. साठ झाली का एकसष्ट, ते तिलाच ठाऊक होतं, आणि ती आता नाही." शेवटी निमंत्रणावर "शाळेच्या दाखल्यानुसार" हे शब्द छापले, तेव्हा कुठे ते तयार झाले. ग्रंथ वाचणाऱ्यांना त्या शब्दांचे नवल वाटले असेल, म्हणून हा खुलासा.

रशीदभाई, तुमच्या जन्माची तारीख आम्हाला जुळवता आली नाही. तिची वही कोणत्याच पोटमाळ्यावर नाही. पुढच्या तारखांची जबाबदारी मात्र माझ्याकडे आहे. आमची ती रजिस्टरे एकामागून एक भरत जावीत, आणि त्यांतल्या प्रत्येक पानाच्या दिवशी तुम्ही धडधाकट असावेत, कानाला पेन्सिल लावून कोणाच्या तरी कारखान्याच्या दारात चपला काढत असावेत, एवढेच माझे मागणे आहे. आजची तारीख मी सकाळीच लिहिली. दोनदा ताडून पाहिली, आणि मग सही केली.