उसवता येणारी वेबसाइट

अमडापूरच्या बसथांब्यापासून सातवे दुकान गफ्फार मन्सुरी यांचे. दुकानावर पाटी नव्हती. गादी भरून घेण्यास येणाऱ्या माणसाला वाचण्यापेक्षा झोपण्याची घाई अधिक असते, असे त्यांचे मत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते तीन प्रश्न विचारीत: निजणार कोण, त्याचे वजन किती, आणि गादी उन्हात घालायला जागा आहे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास ते सुईला दोराही लावीत नसत. एका तहसीलदार साहेबांना त्यांनी याच मुद्द्यावर परत पाठवले होते. अर्थात ही हकीकत त्यांनी साहेबांची बदली झाल्यानंतरच सांगावयास आरंभ केला.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात मात्र भरायला कापूसच उरला नाही. आखूड, खरबरीत धाग्याचा देशी कापूस गादीत वर्षानुवर्षे फुगून राहतो. बीटीचा लांब, मऊ धागा गिरणीला कितीही प्रिय असला, तरी त्याची गादी सहा महिन्यांत पापड होते, असा गफ्फारभाईंचा निवाडा होता. परंतु दहा वर्षांत सगळे शिवार बीटीचे झाले होते. देशी पेरणारे शेवटचे गृहस्थ म्हणजे भगवानराव इंगळे. चौथीपर्यंत ते आणि गफ्फारभाई एकाच बाकावर बसले होते आणि एकाच गणितात नापास झाले होते. भगवानरावांनीही दोन वर्षे देशी पेरला नव्हता. घरात एक डबाभर सरकी शिल्लक होती, आणि ती यंदा मातीत पडली नाही तर पुढे उगवणार नव्हती.

“मृगाच्या आत चाळीस गाद्यांची ऑर्डर आणून दाखव,” भगवानराव म्हणाले. “मंग दोन एकर पेरतो. नाही त मीबी आणतो बीटीचं पाकीट.”

“अन् सरकी?”

“म्हशीले चारतो. ती तरी नाव काढीन.”

अमडापुरात चाळीस माणसे एका वेळी गादी करीत नाहीत. शिवाय लग्नाच्या रुखवतातही आता फोम शिरला होता. तेव्हा उमैमाने, म्हणजे गफ्फारभाईंच्या धाकट्या मुलीने, वेबसाइटचा विषय काढला. तिने चिखलीच्या कॉलेजात संगणकाची पदवी घेतली होती. वेबसाइट तिने कधी केलेली नव्हती; प्रमाणपत्रावर मात्र तिला ती करता येते असे स्वच्छ छापलेले होते.

“किती बाय किती?” गफ्फारभाईंनी विचारले.

“काय, अब्बा?”

“साइट. अन् वजन किती भरते तिचं?”

उमैमा हसली. मग तिने पहिला नमुना उघडला. एका कंपनीची ती तयार सोय होती: चित्रे ओढायची, सोडायची, झाले. पंधरा दिवस फुकट, पुढे दरसाल वर्गणी. डोंगलच्या कृपेने ते पान उतरू लागले. चार किलो रुई पिंजून झाली, तरी पहिल्या चित्रातील बाई गळ्यापर्यंतच आली होती. वजनाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे उमैमाने मनातल्या मनात मान्य केले.

तिने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला, तो गफ्फारभाईंनी हातातून घेतला.

“उसवता येते का?”

“म्हणजे, सर?”

“दोन सालानं टाके कापून आतला माल दुसरीकडं भरायचा झाला, त देता का काढून?”

“सर, मजकूर तुमचाच असेल. पण साइट आमच्याकडेच राहील. दरवर्षी नूतनीकरण केलंत की काही अडचण नाही.”

“म्हणजे कापूस माहा, अन् खोळ तुमची.”

पलीकडील तरुणाने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटले. फळीवर बसलेले भगवानराव म्हणाले, “बे गफ्फार, हे त पाकीटच झालं. घरचं बी चालत नाही, दरसाल नवं घ्या.”

दुसरा पर्याय होता फुकटच्या ब्लॉगचा. तो हलका होता, आणि त्यातून माल काढताही येत होता. परंतु त्यात नवे लिहिले की जुने खाली सरके. गादीवर गादी पडून ऑर्डरीचा अर्ज तळाशी गेला. “खालच्या गादीले ऊनच लागत नाही,” एवढे बोलून गफ्फारभाईंनी तो निकालात काढला.

राहिले वर्डप्रेस. सॉफ्टवेअर फुकट, जागा भाड्याची; जागेवाल्याशी बिनसले तर सगळे बांधून दुसऱ्या जागी मांडता येई. मात्र शिवायचे आपले आपण.

“येते तुले?”

“नाही.”

“मंग ठीक. शिकणाराचे टाके मोठे राह्यते. उसवायले सोपे.”

पहिल्याच दिवशी उमैमाने उत्साहाने चौदा जोड-सॉफ्टवेअरे भरली आणि साइट बसली, उघडेचना. “गादीत रुईशिवाय काय भरते माणूस?” वडिलांनी विचारले. “काही नाही.” “मंग?” तेरा निघाली. अर्जाचे एक राहिले, आणि बाजेवर उन्हात पडलेल्या गादीचा एकच फोटो. अर्जात तेच तीन प्रश्न होते.

मृगाच्या आदल्या दिवशी दुपारी अर्ज मोजले. एकेचाळीस भरले. भगवानरावांनी डबा सोबतच आणला होता. मग उमैमाने तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वाचली. तीस जणांकडे ऊन नव्हते.

“फ्लॅटमधले लोक आहेत, अब्बा. तो प्रश्नच काढून टाकते. एका बटनाचं काम.”

“काऊन? गादी ओली राहीन, वास मारीन, अन् लोक म्हणतीन देशी कापूसच तसा. मंग पुढच्या साली एकबी येनार नाही.”

“बे, तुह्या उन्हापायी माह्यं बी मरून राह्यलं ना,” भगवानराव डब्यावर थाप मारून म्हणाले.

“भगवान, तहसीलदाराले नाही म्हटलं, त्याईले काय हो म्हणू?”

अकरा गाद्या म्हणजे, गादीमागे दोन गुंठे धरून, बावीस गुंठे. तेवढ्यासाठी रान अडवून ठेवणे भगवानरावांना परवडणारे नव्हते. रागारागाने ते बीटीचे पाकीट घेऊन आले, आणि पाकीट फोडताना त्यावरची सूचना त्यांनी आयुष्यात प्रथमच वाचली: पिकाभोवती पाच ओळी बिगर-बीटी लावाव्यात. त्यासाठी आत एक छोटी पुडीही असते, जी सगळा तालुका दहा वर्षे नियमाने बांधावर फेकत आला होता. भगवानरावांनीही ती फेकली, आणि तिच्या जागी तीन एकरांच्या चौफेर डब्यातली सरकी टोकली. पाच ओळींत वीस गुंठे बसले. उरलेल्या दोन गुंठ्यांसाठी दोन बाजूंनी सहावी ओळ धरली.

आठव्या दिवशी सरकी उगवली. कृषी सहाय्यकाने नियम पाळणारा शेतकरी म्हणून भगवानरावांचा फोटो काढला, आणि भगवानरावांनी तो कसलाही संकोच न करता काढू दिला.

त्याच संध्याकाळी नाकारलेल्या तिसांपैकी एकाचा पुण्याहून निरोप आला. उमैमाने तो वाचून दाखवला: सोसायटीच्या अध्यक्षांशी भांडून गच्चीची चावी मिळवली आहे, आता तरी गादी द्यावी.

गफ्फारभाईंनी दाभणात दोरा ओवला.

“देऊ त्याले. पण चावीचा फोटो मांग अगुदर.”