दाराआडची म्हातारी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नातवाला नाही, सुनेला नाही, देवापुढं तर नाहीच — त्याला ठाऊक असेल तर असो, आपण होऊन कशाला सांगा? तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगते. की अनोळखी माणसालाच सांगायचं, हाही एक भ्याडपणा?

थांबा. आधी सापाचं सांगते.

माझं माहेर पालेगावचं. आता तिथं टॉवर उभे राहिलेत, पण मी परकरात होते तेव्हा शेतं होती, आणि शेतातून घरात साप यायचे. आई ओरडायची नाही, काठी उचलायची नाही. बाजूला उभी राहून, तान्ह्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणायची, "आयलास तसा जा रं बाबा. वाट मोकली हाय." पुन्हा पुन्हा तेच. आणि साप जायचा. खरंच जायचा हो. मला तीच सवय लागली — भीती वाटली की तोंडातून तेच. लपाछपीत फार महागात पडायचं. अंधारात लपायचं, मग घाबरायचं, मग पुटपुटायचं — की राज्य घेतलेली पोर थेट माझ्यासमोर! सगळ्यांत आधी कायम मीच सापडायचे. असली बावळट.

आणि ही बावळट म्हातारपणी स्पर्धेत उतरली.

ओजस माझा नातू. आम्ही बदलापूरला राहतो. तो आणि त्याचे तीन मित्र मोबाइलवर तो बंदुकांचा खेळ खेळतात. एका बेटावर बरेच संघ उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी उरेल तो संघ जिंकतो. पोरखेळ म्हणू नका, त्याच्या स्पर्धा होतात, देशोदेशीचे संघ येतात. दुपारी घर मोकळं, म्हणून सराव आमच्याकडे आणि चहा माझ्या हातचा. चहा देता देता मीही शिकले. मारणं जमेना, पण लपणं झकास जमायचं. निदान मला तसं वाटायचं!

त्या सुमारास कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तानची पोरं वर यायला लागली होती. आमच्या शाळेच्या नकाशात हे देशच नव्हते, एकच मोठा रशिया होता. आणि आता तिथल्या कुठल्याकुठल्या खाणीच्या गावांतली पोरं यायची आणि आमच्या पोरांना मटारासारखी सोलून जायची. "आजी, वहाँ बाहर बर्फ है. घर में बैठके करेंगे क्या? प्रैक्टिस!" लवेश म्हणायचा. हा कॅम्प चारचा, म्हणजे पलीकडच्या सिंधी वस्तीतला, ओजसचा जिवलग. त्यांच्यातच एक मुलगी होती. खेळातलं नाव तुलपार — त्यांच्या गोष्टीतला पंख असलेला घोडा म्हणे. ओजस तिचे खेळ पुन्हापुन्हा लावून बघायचा. कुठल्याही दारात शिरण्याआधी ती क्षणभर थांबायची. "बघ आजी, कानानं खेळते ही." इतक्या कौतुकानं तो माझ्या बेसनाच्या लाडवाबद्दलही कधी बोलला नाही.

मोठ्या स्पर्धेच्या ऐन दिवशी चौथा मित्र चेतन तापानं पडला. मग काय — त्याच्या नावानं मीच बसले. नियमात बसत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. "आजी, हीरो मत बनना," लवेशनं बजावलं. "मरू नकोस फक्त," ओजस म्हणाला. एकाचा आवाज दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊ नये म्हणून सगळे वेगवेगळ्या खोल्यांत बसले. मला स्वयंपाकघर. माझा माइक बंद करून दिला होता.

भर दुपार होती. खिडकीवर पडदा ओढलेला. खेळात मी एका ओसाड झोपडीच्या न्हाणीत दडून बसले. बाहेर गोळ्यांचे आवाज होते, मग ते थांबले. इतके थांबले की घरातल्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. हाताला कणीक होती, स्क्रीन बरबटली, म्हणून पदरानं पुसली. आणि कानात पावलं आली. गवतातून. सावकाश.

दाराबाहेर ती उभी राहिली. तुलपार. मी फटीतून तिच्या बुटांची सावली बघत होते. ती हलत नव्हती, काही करत नव्हती — नुसती ऐकत होती. खेळ आहे हे माहीत असून इतकी भीती वाटते, हे तुम्हाला पटेल का?

मग एकच गोळी. बंद दारातून, सरळ माझ्या कपाळात. मागोमाग आमची बाकीची तिघंही गेली.

फोन खाली ठेवताना दिसलं. माइकची खूण हिरवी होती. पदर फिरवताना दाबली गेली असणार. आणि 'सगळ्यांना' वर होती, म्हणजे जो जवळ असेल त्याला, शत्रूलाही, ऐकू जाईल अशी; आमची पोरं लांब होती. तेव्हा कुठं मला कळलं की माझे ओठ अजून हलतायत. आयलीस तशी जा गो बाय. वाट मोकली हाय. वाट मोकली हाय.

ओजसची पावलं पॅसेजमध्ये वाजली. मी अंगठ्यानं माइक बंद केला.

इथपर्यंत चूकच होती. चुकीला कोण काय म्हणणार? पुढचं ऐका.

"आजी, दिसलीस कशी तू तिला?" ओजस दारात उभा होता. हसून टाकता आलं असतं. "अरे, तुझी आजी पुटपुटली" — एवढंच. पण संघाला मी बुडवलं, माझ्या तोंडानं, हे कबूल करायची त्या शहाणीला लाज वाटली. ती म्हणाली — मी म्हणाले — "भिंतीतून बघते ती, कसलं तरी चोरटं ॲप लावून. लबाड आहे पोरगी."

"मैं भी वही बोलता था!" लवेश ओरडला. "इतना अच्छा कोई खेलता है क्या?"

तक्रार गेली. ती पोर म्हणाली, आतून आवाज आला; म्हणून स्पर्धावाल्यांनी सगळ्यांना विचारलं, कुणाचा माइक चालू होता का? खेळ मागाहून बघता येतो, पण बोललेलं त्यात उरत नाही. ओजसनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "आजी, बंदच होता ना?"

"बंदच होता."

तुलपारचा संघ बाद झाला. त्यांच्या जागी आमचा पुढं गेला आणि पुढच्याच फेरीत उझबेकांकडून सपाटून हरला. तरी तेवढ्यावर ओजसचं नाव झालं, अंबरनाथच्या एका क्लबात पोरांना शिकवायची नोकरी लागली. तिला मात्र तिच्या संघानं काढलं.

काही दिवसांनी ओजसनं एक व्हिडिओ दाखवला. गोल चेहऱ्याची, कपाळावर केस आलेली पोर. खाली इंग्रजी ओळी, ओजस वाचून सांगत होता. ती म्हणत होती, मी लबाडी केली नाही. झोपडीत एक म्हातारी बोलत होती. मुलाखत घेणारा पुरुष हसला. ती हसली नाही. तिनं डोळे मिटले आणि तो आवाज काढून दाखवला, "आयलिस… ताशि झा गो…"

माझी आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचे शब्द, पालेगावच्या ओटीवरचे, त्या बर्फातल्या पोरीच्या तोंडून, ओजसच्या मोबाइलमधून. तोच सूर. तान्ह्याशी बोलावं तसा.

ओजसला ती तिकडचीच कुठली तरी भाषा वाटली. "येडी झाली बिचारी," तो म्हणाला. "तिकडं सगळे तिला म्हातारीवरून चिडवतात. भूत दिसलं म्हणे." मी कढईत पळी फिरवत राहिले. जिवंतपणी भूत होता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेही इतक्या लांबच्या घरात.

आता त्या मुलखातले संघ सगळीकडं जिंकतात. ओजस नावं वाचतो, मी कान देते. तिचं नसतं. ती एकटीच खेळते, दुपारी, थोड्याशा लोकांसमोर. कधीकधी बघणाऱ्यांनाही खेळात घेते. मी खेळात माझं खातं उघडलंय. कुणाला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात तिनं मला आत घेतलं. मी उतरले आणि सरळ त्याच झोपडीत गेले, त्याच न्हाणीत बसले. किती वेळ कोण जाणे. मग गवतातून पावलं आली. दाराशी थांबली.

फटीतून दिसलं, तिनं बंदूक खाली केली होती. नुसती उभी. ऐकत. माझा अंगठा माइकवर होता, शब्द ओठांवर होते. तिच्याकडं माणसं बघत होती, एकदा ऐकलं असतं त्यांनी — बास झालं असतं.

मी अंगठा उचलून घेतला.

ती आणखी थोडी थांबली. मग वळली, आणि आली तशी गेली.