पाठमोऱ्या बसणाऱ्या कुंदामावशी

मल्लखांब शिकवणारी माणसं खांबाकडे डोळे लावून बसतात. आमच्या कुंदामावशी खांबाकडे पाठ करून बसत. लाकडी स्टूल, हातात चहाचा कुल्हड आणि तोंड भिंतीकडे. नव्या मुलीला त्या स्वतः शेजारी उभ्या राहून एकेक पकड शिकवत; पण ती पकड एकदा का जमली, की गादीपाशी झेलायला एखादी मोठी मुलगी उभी करून मावशी पाठ फिरवत. तळहातांचा आणि श्वासाचा आवाज, एवढ्यावरून त्यांना सगळं कळे. "डावा पाय ढिला आहे," असं त्या भिंतीला सांगत, आणि तो खरंच ढिला असे.

मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. मी चौदा वर्षांची होते आणि 'बरोबर आहे ना?' असं विचारल्याशिवाय मला साधी पोळीसुद्धा लाटता येत नसे. खांबावर चढले की माझी मान मावशींकडे वळायची आणि दिसायचा तो त्यांचा अंबाडा. एकदा मी चिडून म्हणाले, "मावशी, तुम्ही बघतच नाही!"

"माझ्या थोबाडावर काय लिहिलंय? तेल खांबाला लागलंय, मला नाही. ध्यान तिकडे दे."

मावशींचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलं. भिक्षुकी करणाऱ्या वडिलांनी त्यांना लहानपणी मल्लखांब शिकवला, आणि त्या तेरा वर्षांच्या झाल्यावर आजोबांनी तो बंद केला. पुढे रेल्वेत कारकुनी, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, स्वतःच्या अंगणात त्यांनी खांब रोवला. "तेराव्या वर्षी मला खाली उतरवलं," त्या सांगत. "मी उतरले, पण मानलं नाही."

अंगणातला खांब मात्र छोटा होता. स्पर्धेच्या उंचीचा खांब गल्लीच्या टोकाला, आखाड्यात, आणि आखाडा मुलांचा. तिथल्या गुरुजींकडे मावशींनी सकाळची वेळ मागून मागून त्यांना भंडावून सोडलं. गुरुजी हसून म्हणायचे, "अरे मौसी, लड़कियाँ ऊपर जाकर रोने लगीं तो उतारेगा कौन?"

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी, आखाड्यात दरवर्षीच्या प्रात्यक्षिकांची तयारी चालली होती तेव्हा, गुरुजी एकदाचे म्हणाले, "ठीक है. एक लड़की, एक बार. गिरी तो बात ख़तम."

मावशींनी माझं नाव दिलं. मी गारच पडले. आमच्यात सुधा नावाची मुलगी होती, डोळे मिटून चढायची. मी म्हणाले, "सुधाला पाठवा ना. मी पडले तर सगळ्यांचंच जाईल."

"सुधा चढणारच. तिला दुनियेची परवाच नाही. ती चढली तर त्यात कोणती मोठी बात?" मावशी म्हणाल्या. "तू जा."

नागपंचमीला गंगा पायऱ्या चढून वर आली होती आणि सगळी गल्ली आखाड्यात लोटली होती. लोक मोबाइल वर धरून उभे. आमचे बाबा, संस्कृतचे मास्तर, कोपऱ्यात अवघडून उभे होते. मावशींनी स्टूल मागवलं, खांबापुढे ठेवलं आणि सवयीप्रमाणे खांबाकडे पाठ करून बसल्या. फक्त आज समोर भिंत नव्हती, गर्दी होती.

मी अंगाला राळ चोळली, नमस्कार केला, चढले. पहिली अढी, म्हणजे पायांची मिठी, नीट बसली. दुसऱ्या अढीला कुणीतरी शिट्टी मारली, मी तिकडे बघितलं आणि धप्पकन गादीवर आले.

हशा पिकला. गुरुजींनी हात झटकले. बाबा गर्दीतून पुढे यायला लागले, तर मावशींनी आपला हात आडवा केला. "भाऊ, थांबा. तिचं ती बघेल." आणि मागे न बघता त्या समोरच्या लोकांकडे बघत राहिल्या. एकेका चेहऱ्याकडे, शांतपणे, जणू कुणाची हजेरी घेताहेत. पहिल्या रांगेतल्यांचं हसणं आधी थांबलं.

मी गादीवर बसून त्या अंबाड्याकडे बघत होते. ऊठ म्हणत नव्हत्या, राहू दे म्हणत नव्हत्या. पैज तर गेलीच होती. आता चढून कुणाचंच काही भलं होणार नव्हतं. मला एकाएकी संताप आला, शिट्टीचा, गुरुजींच्या झटकलेल्या हातांचा, माझ्या स्वतःच्या मानेचा. मी उठले आणि पुन्हा चढले. सगळ्या अढ्या केल्या, शेवटची पताका, म्हणजे खांबाला धरून झेंड्यासारखं आडवं होणं, तीही केली. कुणाकडेही बघितलं नाही.

खाली आले तेव्हा गुरुजी म्हणत होते, "गिर गई न, मौसी? बात ख़तम."

"शर्त आपने लगाई थी. मैंने हाँ कब कही?" मावशी म्हणाल्या आणि स्टूल उचलून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हा अकराही मुलींना आखाड्याच्या दारात उभं केलं. गुरुजी किल्ली घेऊन आले, आमच्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, कपाळाला हात लावला. "पंद्रह मिनट," ते म्हणाले. त्या पंधरा मिनिटांचे दोन तास व्हायला तीन वर्षं लागली. मावशींनी एकही सकाळ चुकवली नाही.

गेल्या माघात एका पहाटे मावशी वारल्या. फोन आला तेव्हा मी आखाड्यात पोचले होते. आता तिथे मुलींना मी शिकवते. गुरुजी फार थकलेत. डोळे पुसत म्हणाले, "आज बंद रखो, बेटी. मौसी गई हैं."

"नहीं गुरुजी, चलेगा," मी म्हणाले.

मुली रडत रडत खांबाला तेल लावत होत्या. सगळ्यात धाकटीला त्या दिवशी पहिली अढी शिकवायचं ठरलं होतं, ती शिकवली. दोन तास पुरे केले आणि मग मावशींच्या घरी गेले. बाबा दारातच भेटले, चिडलेले.

"आजच्या दिवशी आखाडा चालवलास? कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.