मशीन चालू होईपर्यंत

बेळगावच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला तेव्हा मी पावटा सोलत होते. "आई, शोभा गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी कामाला बसल्या जागीच तिच्या छातीत कळ आली होती. फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलल्या. हात थांबले असते तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही.

शोभा माझी सून. माहेर चिकोडीकडचं, घरात कन्नड. मला ती अत्ती म्हणायची. तिकडं सासूला तसंच म्हणतात. निपाणीत आमच्या पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायची, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. आमच्या भागात सोयरिकी दोन्हीकडं, एकाच भाषेत छापलं की अर्धे पाहुणे रुसतात. कामाला ती चोख. पण आम्हा दोघींचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, दूध आलं, एवढंच. भांडण नव्हतं. गोडीही नव्हती.

मग तिनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घातली आणि मशीन एकदम म्हातारं झालं. बटण दाबलं की चालू व्हायला इतका वेळ, की ती कंटाळून स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसायची. सुरुवातीला गप्पच... हळूहळू बोलायला लागली. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायची, शिंकून शिंकून बेजार व्हायची आणि बायका हसायच्या, ते सांगितलं. मीही सांगितलं काहीबाही, नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं. एकदा ती म्हणाली, "अत्ती, तुमी एवढं बोलता हे मला ठावंच नव्हतं."

"तू कधी बसलीस?"

"तुमी कधी बस म्हटला?"

दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं घालू. तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि स्वतःच शोधत बसली. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम एकेक बंद करायची, मशीन पुन्हा चालू करायची आणि तेवढ्यात माझ्याकडं यायची. मी म्हटलं, "सगळं एकदम बंद कर की गं."

"मग कशानं बरं झालं ते कळणार कसं?"

शेवटी सापडलं. प्रत्येक घराला पत्रिकेवर अक्षरांचं वळण वेगळं हवं, म्हणून तिनं दोन्ही भाषांचे ढीगभर फॉन्ट भरून ठेवले होते, एकही काढून टाकला नव्हता. नव्या सिस्टीमला ते ओझं झेपत नव्हतं. नको ते काढले आणि मशीन पळायला लागलं.

"अत्ती, या, बघा! लई झ्याक!"

"व्हय. आता तू कशाला येतीस माझ्याकडं."

"येतो की! मशीनचा आन् आपला काय संबंध?"

पण लग्नसराई आली. ती खुर्चीवरून उठेना. मी दारातून बघायचे आणि परत फिरायचे. काम करणाऱ्या माणसाला हाक मारू नये. आणि मग ती गेलीच...

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. परवा मुलगा मशीनसमोर बसला. पत्रिकांचं काम आता तोच बघणार. मी शेजारी स्टूल ओढून बसले. पडद्यावर पुन्हा नवी सिस्टीम घाला म्हणून आलं होतं.

"नको घालायला, आई," तो म्हणाला. "मागच्यागत हळू झालं तर? बटण दाबून नुसतं बसावं लागंल."

"घाल रं," मी म्हटलं. "मला कुठं घाई हाय."